कमी वापरातली प्रोग्रामिंग भाषा मासिकातून वाचकांपर्यंत कशी न्यावी: लुआचं उदाहरण घेऊन

डिसेंबर १९९६च्या 'डॉ. डॉब्ज जर्नल' या प्रोग्रामरांच्या मासिकात लुआ नावाच्या भाषेवर एक लेख छापून आला. रिओ द जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात रोबेर्तो इएरुसालिम्स्की, लुईझ एन्रिके दे फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस यांनी १९९३ साली ही भाषा घडवली होती, आणि ब्राझीलबाहेर तिला फारसं कुणी ओळखत नव्हतं. पुढच्याच महिन्यात लुकासआर्ट्स कंपनीतून ब्रेट मोगिलेफ्स्की यांचं पत्र आलं. त्यांनी लेख वाचला होता, आणि 'ग्रिम फँडँगो' या नव्या खेळासाठी कंपनीची घरगुती 'स्कम' भाषा बाजूला ठेवून त्यांना लुआ वापरून बघायची होती. खेळ १९९८मध्ये बाजारात आला. त्यानंतर गेम बनवणाऱ्यांच्या वर्तुळात लुआ पसरत गेली.

लेख अनेकांनी वाचला असेल. उपयोग झाला तो ज्याचं काम अडलं होतं त्याला. मासिकासाठी लिहिताना हाच वाचक समोर धरायचा. भाषा किती सुंदर आहे हे त्याला ऐकायचं नसतं. त्याच्यापुढे एक काम आहे आणि हातातल्या हत्यारांनी ते नीट होत नाही, एवढंच त्याला ठाऊक असतं.

१. वाचक ठरवा, मग मासिक

लुआच्या कर्त्यांनी १९९६मध्ये एकाच भाषेवर दोन वेगळ्या ठिकाणी लिहिलं. 'सॉफ्टवेअर: प्रॅक्टिस अँड एक्स्पीरियन्स' या संशोधनपत्रिकेत भाषेची रचना विद्यापीठातल्या लोकांसाठी मांडली, तर 'डॉ. डॉब्ज'मध्ये तीच भाषा कंपन्यांत काम करणाऱ्या प्रोग्रामरसाठी. विषय एक असला तरी लेख दोन होते. एकच मजकूर थोडा ताणून-आखडून दोन्हीकडे पाठवला असता तर दोन्हीकडे अर्धवट ठरला असता.

तुमच्यासमोर आज साधारण तीन प्रकारचे अंक आहेत. एक, 'ओपन सोर्स फॉर यू'सारखी इंग्रजी तांत्रिक मासिकं. इथे वाचकाकडे लिनक्स आहे असं धरून चालता येतं. दोन, मराठी विज्ञान मासिकं आणि दिवाळी अंक. इथला वाचक हुशार आहे, पण टर्मिनल (आज्ञा टंकायची खिडकी) उघडेलच असं नाही. तीन, कॉलेजचे वार्षिक अंक. इथे वाचक विद्यार्थी असतो आणि त्याला प्रोजेक्टचा विषय हवा असतो. मासिकाचे मागचे सहा अंक काढून बघा: कोड छापतात का, छापला तर किती ओळींचा, आणि चित्रं रंगीत असतात का. सहा अंकांत एकदाही कोड दिसला नाही, तर तिथे वीस ओळींचा प्रोग्राम पाठवण्यात अर्थ नाही. तिथे कोडशिवायचा लेख द्या.

२. एकच काम निवडा

'लुआ: एक ओळख' हा मथळा पाहून पान उलटलं जातं. 'मराठी शब्दातली अक्षरं संगणकाकडून कशी मोजून घ्यावी' हा मथळा पाहून निदान पहिला परिच्छेद वाचला जातो, आणि भाषा तिसऱ्या परिच्छेदात आली तरी चालते.

काम निवडताना तीन कसोट्या लावा. ते एका संध्याकाळी पुरं व्हावं. कोड चाळीस ओळींच्या आत मावावा. आणि निकाल पडद्यावर असा दिसावा की शेजारच्याला बोलावून दाखवावासा वाटेल. वेग, मेमरी, वाक्यरचनेचा नेटकेपणा यांवर लेख उभा करू नका. वेगाचे तक्ते वर्षभरात शिळे होतात, आणि सौंदर्याबद्दल प्रत्येकाचं मत आधीच ठरलेलं असतं.

अक्षरमोजणीचंच उदाहरण पुढे नेऊ, कारण मराठी वाचकासाठी ते खरोखर अडलेलं काम आहे. 'मराठी' हा शब्द घ्या. लुआत हॅशचं (#) चिन्ह लावून लांबी विचारली की उत्तर येतं १५, कारण लुआ बाइट मोजते आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं. लुआच्या ५.३ आवृत्तीपासून आलेल्या यूटीएफ-८ लायब्ररीला विचारलं तर ५ येतं: म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. वाचकाच्या डोळ्याला मात्र तीनच अक्षरं दिसतात. एका शब्दाची तीन उत्तरं! लेखाची सुरुवात इथून करा, वाचक थांबतो.

उपायाचा नियम छोटा आहे. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला एक ठरावीक क्रमांक असतो; शब्दातल्या प्रत्येक चिन्हाचा तो क्रमांक एकेक करून घ्यायचा. क्रमांक २३०८ ते २३६१ मध्ये असेल तर ते स्वर किंवा व्यंजन आहे, म्हणून मोजणी एकने वाढवायची. पण त्याच्या लगेच आधी हलन्त (पाय मोडण्याचं चिन्ह, २३८१) असेल तर वाढवायची नाही, कारण ते जोडाक्षराचा भाग आहे. काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार या पट्ट्यात येत नाहीत, त्यामुळे आपोआप गळतात. 'पुस्तक'मध्ये चिन्हं सहा, बाइट अठरा आणि अक्षरं तीन. हे सगळं लुआत वीसेक ओळींत बसतं.

आता यात काय बिघडतं ते. 'ॲप' या शब्दाला उत्तर १ येतं. 'ॲ'चा क्रमांक २४१८, म्हणजे आपल्या पट्ट्याबाहेर. तो वेगळा जोडावा लागतो. नुक्त्याची (खाली टिंब असलेली) तयार अक्षरं २३९२पासून सुरू होतात, तीही घ्यावी लागतात. 'दऱ्या' हा शब्द तर दोन प्रकारे टंकला जातो. काहीजण नुक्त्याचा र (२३५३) वापरतात, काहीजण साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडणी-चिन्ह (८२०५). दुसऱ्या प्रकारात 'य'च्या लगेच आधी हलन्त नसतो, अदृश्य चिन्ह असतं, म्हणून दोनाच्या जागी तीन अक्षरं मोजली जातात. उपाय असा की ८२०५ आलं की ते गाळायचं आणि 'आधी हलन्त होता' ही खूण तशीच पुढे न्यायची. असे तीन खड्डे लेखात दाखवले की वाचकाला कळतं, लेखकाने हे खरंच चालवून पाहिलंय.

३. वाचकाला आज रात्री चालवता येईल याची खात्री करा

'बाइट' मासिकाने ऑगस्ट १९८१चा अंक स्मॉलटॉक या प्रोग्रामिंग भाषेला दिला. मुखपृष्ठावर रॉबर्ट टिनी यांनी काढलेला गरम हवेचा फुगा होता आणि आत झेरॉक्सच्या संशोधकांचे लेख. गाजलेला अंक. पण तो वाचून घरी स्मॉलटॉक चालवू पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नव्हतं. भाषा बाजारात यायला आणखी काळ जायचा होता. याउलट त्याच मासिकाच्या नोव्हेंबर १९८३च्या अंकात टर्बो पास्कल या प्रोग्रामिंगच्या साधनाची साधी जाहिरात होती, किंमत ४९.९५ डॉलर, टपालाने मागवा. वाचकाला करण्याजोगं काहीतरी होतं. मे १९८०च्या 'डॉ. डॉब्ज'ने तर रॉन केन यांच्या स्मॉल-सी कंपायलरचा (सी भाषेतला कोड यंत्राला समजेल असा करणाऱ्या प्रोग्रामचा) अख्खा कोडच छापला. ज्याला चिकाटी होती त्याने टंकून घेतला.

म्हणून लेख लिहिण्याआधी परवाना, प्रत आणि आवृत्ती यांची चौकट तयार करा.

परवान्याची गोष्ट लुआच्या बाबतीत शिकण्यासारखी आहे. १.१ आवृत्ती शैक्षणिक वापराला मोफत होती, पण व्यापारी वापरासाठी वेगळी बोलणी करावी लागत. एकही व्यापारी करार झाला नाही. टिकल आणि पर्लसारख्या भाषा मोफत मिळत असताना कोण कशाला बोलणी करील? १९९५च्या २.१ आवृत्तीपासून ती अट काढली, आणि २००३च्या ५.० पासून एमआयटी परवाना (व्यापारी वापरालाही मोकळा) आला. तुमच्या भाषेच्या परवान्यात असा काटा असेल तर लेखात एका वाक्यात सांगून टाका. लपवला तर वाचक स्वतः शोधील आणि पुढचा लेख वाचणार नाही.

प्रत कुठून आणि कशी घ्यायची हे तीनच ओळींत सांगा, आणि रिकाम्या यंत्रावर करून बघा. तुमच्या लॅपटॉपवर पाच वर्षांची साठलेली सेटिंग्ज आहेत, वाचकाच्या नाहीत. विंडोज आणि लिनक्स, दोन्हीकडे. विंडोजवर एक वेगळीच अडचण येते: जुन्या कमांड खिडकीत देवनागरी चौकोन-चौकोन दिसतं. तिथे निकाल फाइलमध्ये लिहून नोटपॅडमध्ये उघडायला सांगणं सोपं पडतं.

आवृत्ती हा लुआतला सगळ्यात मोठा फास आहे. मूळ भाषा बरीच पुढे गेली तरी रेडिस (डेटाबेस), निओव्हिम (कोड लिहायचा एडिटर) आणि विकिपीडियावर चालणारी लुआ ५.१च्या वळणाची आहे. त्यामुळे दहाला दोनने भागलं तर ५.१मध्ये ५ छापलं जातं आणि ५.३पासून पुढे ५.०. अपूर्णांक टाकून भागायचं दोन तिरक्या रेघांचं चिन्ह ५.१मध्ये नाही, यूटीएफ-८ लायब्ररीही नाही. म्हणजे वर सांगितलेला अक्षरमोजणीचा प्रोग्राम निओव्हिमच्या आत तसाच टाकला तर यूटीएफ-८ लायब्ररी वापरणाऱ्या पहिल्याच ओळीला पडतो. आवृत्तीचा आकडा कोडच्या पहिल्या ओळीत टिपणी म्हणून छापा. नुसता लेखाच्या मजकुरात दिला तर कोणी वाचत नाही.

४. संपादकाला काय पाठवायचं

पूर्ण लेख आधी पाठवू नका. दीडशे शब्दांचा प्रस्ताव पुरे: काम कोणतं, कोणासाठी, किती शब्द, किती ओळींचा कोड, किती चित्रं, आणि हे आत्ताच का. सोबत कोडचा दहा ओळींचा तुकडा आणि निकालाचं एक चित्र जोडा. संपादकाला मांडणीचा अंदाज येतो. मासिकाला किमान तीन महिने आधी गाठायचं. दिवाळी अंकासाठी तर पावसाळा सुरू होतानाच विचारावं, कारण ऑगस्टमध्ये बहुतेकांची पानं भरलेली असतात.

'आत्ताच का' याला लुआच्या बाबतीत मराठी वाचकासाठी तयार उत्तर आहे. २०१३पासून विकिपीडियावर साच्यांच्या (अनेक पानांत वापरायच्या तयार तुकड्यांच्या) मागे लुआ चालते, आणि मराठी विकिपीडियावर तिचा कोड 'विभाग' या नामविश्वात (पानांच्या वेगळ्या गटात) राहतो. लेखातली माहितीचौकट किंवा संदर्भांची यादी पानावर येते त्यामागे बहुधा हीच भाषा असते. मराठीत रोज वापरली जाणारी, पण नावाने कुणाला माहीत नसलेली. संपादकाला अशी गोष्ट आवडते. तुमच्या भाषेसाठी असा दुवा शोधा. खरा नसेल तर ओढूनताणून लावू नका.

कोडवरचा हक्क आधीच स्पष्ट करून घ्या. लेखाचा मजकूर मासिकाचा असला तरी कोड मुक्त परवान्याखाली राहील, हे वाक्य मेलमध्ये लिहून घ्या. नाहीतर वाचकाने तो वापरायचा की नाही हा प्रश्न लटकत राहतो.

५. लेखाची बांधणी

अठराशे शब्दांच्या लेखाचा हिशोब असा ठेवता येतो: काम आणि त्याचं कोडं २५० शब्द, भाषा कुठून आली हे १५०, प्रत घेऊन पहिली ओळ चालवणं २००, कोड आणि त्याची फोड ८००, भाषा कुठे कमी पडते हे २५०, पुढे काय करून बघावं हे १५०. इतिहास दीडशेच्या वर गेला की लेख चरित्र होतो. लुआच्या इतिहासातलं एकच टिपण घेण्यासारखं आहे: आधीच्या भाषेचं नाव 'सोल', पोर्तुगीजमध्ये सूर्य, म्हणून हिचं नाव 'लुआ', चंद्र. लक्षात राहतं. (रोमन लिपीत हे नाव सगळं मोठ्या अक्षरांत लिहिणं ही जुनी चूक आहे, ते संक्षेप नाही. देवनागरीत लिहिणारे त्यातून सुटले.)

शब्दांचं काय? 'व्हेरिएबल', 'फंक्शन', 'लूप', 'टेबल' हे असेच ठेवा. लुआच्या टेबलला 'कोष्टक' म्हटलं की वाचकाच्या मनात एक्सेल येतं, आणि लुआचं टेबल तर एकाच वेळी यादीही असतं आणि शब्दकोशासारखी जोडी लावणारी रचनाही. मात्र जिथे मराठी शब्द आधीच घरातला आहे तिथे तोच वापरा: चिन्ह, ओळ, मोजणी, आवृत्ती, चूक.

कोडची फोड करताना ओळीओळीने जाऊ नका. पाच-सहा ओळींचा एक गठ्ठा, त्याखाली तो काय करतो आणि तसंच का केलं एवढं. 'इथे आपण एक व्हेरिएबल घेतला आहे' अशी वाक्यं कापा; ती ओळीतच दिसतात.

६. छपाईत कोड कसा मरतो

लेख तपासून जातो, अंक येतो, आणि कोड चालत नाही. यात लेखकाचा दोष क्वचितच असतो. वर्ड आणि मांडणीचं सॉफ्टवेअर मदत करायला जातात आणि घात करतात. लुआला तर ही मदत जास्तच बाधते.

लुआत टिपणी दोन आडव्या रेघांनी सुरू होते. वर्ड त्या दोन रेघांची एक लांब रेघ करतो, आणि त्या ओळीवर लुआ 'अनपेक्षित चिन्ह' म्हणून थांबते. दोन शब्द जोडायला लुआ दोन टिंबं वापरते, आणि फंक्शनला हवी तितकी मूल्यं द्यायला तीन टिंबं. तीन टिंबांचं वर्ड एकच लोपचिन्ह करतो. सरळ अवतरणचिन्हं वळणदार होतात. या तिन्हींपैकी एक जरी झालं तरी प्रोग्राम पडतो. म्हणून कोड वर्डमध्ये लिहूच नका. साध्या मजकूर-फाइलमध्ये, यूटीएफ-८मध्ये जतन करून, लेखापासून वेगळा पाठवा, आणि लेखात फक्त 'इथे कोड १' अशी खूण ठेवा.

मराठी मासिकांची आणखी एक खास अडचण. अनेक ठिकाणी अजून जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत मांडणी होते. या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेली असतात. कोडला चुकून तो फाँट लागला की इंग्रजी शब्दांच्या जागी निरर्थक मराठी अक्षरं उमटतात, आणि मांडणी करणाऱ्याला ते मराठीच दिसत असल्याने त्याला शंकाही येत नाही. मांडणी करणाऱ्याशी पाच मिनिटं फोनवर बोला: कोडला वेगळी शैली, कुरियरसारखा समान रुंदीचा फाँट, आणि युनिकोड-बदलणाऱ्या साधनातून कोड न्यायचा नाही. हे जमणार नसेल तर कोडची पीडीएफ करून चित्र म्हणून बसवायला द्या. वाचकाला नक्कल करता येत नाही, पण निदान जे छापलंय ते खरं असतं.

ओळीची लांबी आधी मोजा. कुरियरचं एक अक्षर फाँटच्या आकाराच्या ०.६ पट रुंद असतं. ८ पॉइंटला ते ४.८ पॉइंट, म्हणजे साधारण १.७ मिलिमीटर. ८५ मिलिमीटरच्या रकान्यात ५० अक्षरं बसतात. म्हणून ४८च्या वर ओळ जाऊ देऊ नका, आणि आत सरकवायला टॅबऐवजी दोन जागा सोडा. लुआला मोकळ्या जागांशी देणंघेणं नसतं, त्यामुळे मांडणीत त्या हरवल्या तरी पायथनसारखा घोळ होत नाही. पण टिपणीची ओळ मात्र मधेच तुटली तर खालचा तुकडा कोड समजला जातो आणि प्रोग्राम पडतो. टिपण्या तीन-चार शब्दांच्याच ठेवा.

शेवटचं आणि न टाळण्याजोगं: मांडणी झालेल्या पानाची प्रत मागवा, आणि त्या पानावरून कोड हाताने पुन्हा टंकून चालवा. मूळ फाइलवरून नाही. चाळीस ओळींना अर्धा तास लागतो. संपादक 'वेळ नाही' म्हणाले तर निदान कोडच्या पानाचा फोटो तरी मागा.

७. भाषा कुठे कमी पडते ते स्वतःच सांगा

वाचक दुसऱ्या दिवशी स्वतःचं काही करायला घेईल, आणि पहिल्या तासात कुठेतरी आपटेल. ती जागा तुम्ही आधी दाखवलेली बरी. लुआत यादी १पासून मोजली जाते. सी किंवा पायथनवरून येणारा हमखास चुकतो. 'लोकल' लिहायला विसरलं की व्हेरिएबल सगळीकडे दिसणारा होतो, आणि नावात एक अक्षर चुकलं तर चूक न दाखवता 'निल' (रिकामं मूल्य) मिळतं. यादीच्या मधल्या जागेत 'निल' असेल तर हॅशने काढलेल्या लांबीवर भरवसा ठेवता येत नाही. आणि मूळ लायब्ररी अगदी लहान आहे: एखाद्या फोल्डरमधल्या फाइलींची यादी काढायलाही बाहेरचं मॉड्यूल लागतं.

त्यामागचं कारणही द्या, नाहीतर ही नुसती तक्रार वाटेल. लुआ दुसऱ्या प्रोग्रामच्या पोटात राहायला बनवली आहे. सगळा मूळ कोड सीच्या तीसेक हजार ओळींत मावतो आणि ५.४ आवृत्तीत राखीव शब्द फक्त २२ आहेत. फोल्डर वाचणं, जाळ्यावर जाणं ही कामं यजमान प्रोग्रामने द्यायची, अशी ती वाटणी आहे. ज्याला एकट्याने चालणारं वेब-अ‍ॅप लिहायचंय त्याला लेखातच सांगा की यासाठी दुसरी भाषा घे. असा एक वाचक गमावला तरी उरलेल्यांचा तुमच्या बाकीच्या वाक्यांवर विश्वास बसतो.

८. अंक आल्यावर

कोडची फाइल अंकाच्या महिन्याच्या नावाने एका ठरावीक जागी ठेवा आणि पत्ता लहान असू द्या, कारण छापील पत्ता हाताने टंकला जातो. क्यूआर चौकट दिलीत तर ती किमान दोन सेंटिमीटरची असावी, आणि छापलेल्या पानावरून स्कॅन होते का ते बघा. पिवळट न्यूजप्रिंटवर बारीक चौकट वाचली जात नाही. त्या जागेवरची फाइल पुढे 'सुधारू' नका. लेखात छापलेली प्रत तशीच राहू द्या, आणि दुरुस्त केलेली तिच्या शेजारी वेगळ्या नावाने ठेवा. तीन वर्षांनी रद्दीतून अंक मिळालेल्या वाचकालाही दोन्हींतला फरक कळला पाहिजे.

चूक सापडली तर पुढच्या अंकात दोन ओळींची दुरुस्ती मागा: पान, कोडचा क्रमांक, कोणती ओळ, तिथे काय हवं. स्पष्टीकरण नको.

दुसरा लेख कशावर, हे पहिल्याच्या पत्रांवरून ठरवा. 'फार आवडला' अशी पत्रं बाजूला ठेवा. 'माझ्याकडे चाललं नाही' आणि 'यातून अमुक करता येईल का' ही पत्रं मोजा. अक्षरमोजणीच्या लेखावर कुणी विचारलं की वृत्तातल्या लघु-गुरूचीही मोजणी होईल का, तर दुसरा लेख तयारच आहे: ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्यांचे क्रमांक वेगळे असतात, आणि जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू धरायची खूण हलन्तावरून काढता येते. मालिका करायची तर तीन भागांची, आणि प्रत्येक भाग आधीचा न वाचता चालवता येईल असा. मधला अंक चुकलेले वाचक नेहमीच असतात.